आधी माझं काम

२ मार्च
लागली एकदाची नोकरी! लिफ्टच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर. टेबलाशेजारीच चाचणीची खरीखुरी लिफ्ट आहे; चहा पिता पिता बघत बसायचं. साहेबांनी फळ्यावर समजावलं: कामं ढीगभर, प्रोसेसर एकच, म्हणून प्रत्येक कामाला प्रायॉरिटी. वरच्याचं आधी, खालच्यानं थांबायचं. मात्र मुदत टळली की काम झालं काय, न झालं काय, सारखंच. दारात माणूस आहे का बघणारं काम सगळ्यात वर. ते ताईंचं, म्हणजे आमच्या सीनियर डिझायनरचं. मजला, दार वगैरे पुकारणारं तळाशी. ते माझं. आवाजसुद्धा माझाच भरून घेतला. आईला फोनवर ऐकवला तर स्वारी खूश.

९ मार्च
ताई, ताई, ताई! साहेबांना दुसरं कुणी दिसतच नाही. ताईंचं काम मध्ये घुसतं आणि माझी घोषणा अडखळते. आज सगळे फिदीफिदी हसले. ताई म्हणाल्या, "थांबायला शिक रे, तुझी पाळी येतेच." मोठ्या शहाण्या! पोटात दुखतंय माझ्या. हो, दुखतंय.

१२ मार्च
जेवायच्या सुट्टीत गुपचूप प्रायॉरिटीचे दोन आकडे बदलले. मी वर, ताई तळाशी. घोषणा कशी खणखणीत झाली! साहेबांनी पाठ थोपटली. तेवढ्यात चाचणीसाठी दारात ठेवलेलं खोकं चेपलं; माझं पुकारणं संपेपर्यंत सेन्सरकडे बघायला लिफ्टला सवडच नव्हती. ताईंचा चेहरा पडला. मला आतून गुदगुल्या.

१३ मार्च
काहीतरी विचित्र चाललंय. सकाळी साहेबांना नमस्कार केला, त्यांनी दुपारी मान हलवली. चहा सगळ्यांना मिळाला, मग कधीतरी मला. गार. जणू माणसांच्या यादीत मीच तळाशी.

१६ मार्च
आईचा फोन. आत्ता रडत का होतास, म्हणाली. फोनवर रडलो होतो ते काल. मी काही बोलायच्या आत तिनं ठेवला—

१७ मार्च
आकडे परत फिरवायला बसलो. कळा दाबतोय, पडद्यावर काही उमटत नाही. ताईंसमोर हात जोडून सगळं सांगितलं. त्या माझ्या आरपार बघत शेजारच्याला म्हणाल्या, "नवा मुलगा आज आलाच नाही का?"

१८ मार्च
लिफ्टच्या दारात उभा राहिलोय. दार अडलं की घंटी वाजेल, धावतील सगळे. बघावंच लागेल—

माझाच आवाज: "दार बंद होत आहे."

सरकतंय. थांबत नाही. खांदा अडक—

ताई समोरच आहेत. जिवाच्या आकांतानं हाक मारली. त्यांना ती उद्या ऐकू ये—