देवाच्या बोकडाचं फडकं

चुडावा,
शुक्रवार, ता. १४ नोव्हेंबर २०२५

चि. अंगद यास,
अक्काचा आशीर्वाद. इकडं सगळे खुशाल हायत. तुरीला फुलं लय लागलीत. काळ्या शेळीला दोन पाठी झाल्या.

फोन सोडून पत्र कशाला म्हणशील. फोन कस्टमच्या लोकांनी नेला. पावती दिली हाय.

तुझ्या संगं दुबईहून आलेला बालाजी विमानतळावर सोन्यासकट सापडला न् त्यानं जबाबात तुझं नाव घेतलं. तू जिंतूरला मामाकडं गेलास न् मागच्या मंगळवारी चौघं जण आले, त्यात एक बाई अधिकारी. झडतीचा हुकूम दाखवला, आश्रुबाकाका न् सरपंचाला पंच म्हणून बसवलं. ज्वारीची कणगी उपसली, गाद्या उसवल्या. बाईंनी मला न् आईला आतल्या खोलीत तपासलं. शिवी न्हाई, आरडाओरडा न्हाई. त्याचंच जास्त भेव वाटलं रे. ते ओरडले असते तर मी बी ओरडले असते.

सापडलं काहीच न्हाई. पंचनाम्यावर सह्या चालू होत्या तवा खंडोबाला सोडलेला आपला बोकड ओसरीवर आला. त्याला कुणी बांधत न्हाई, हाकलत न्हाई, गळ्यातल्या हळदीच्या फडक्याला जत्रेपर्यंत कुणी शिवत न्हाई. मेल्यानं साहेबाच्या हातचा कागदच ओढला. बाई हसल्या न् त्याच्या गळ्याकडं हात नेला. आई किंचाळली, “बाई, देवाचा हाय, शिवू नका!” त्यांनी हात मागं घेतला, नमस्कार केला.

मी आईच्या तोंडाकडं बघितलं न् समजले. तू तिच्यापाशी ठेवलेली सोन्याची दोन बिस्किटं त्या फडक्यात होती. तरी बी मी जबाबावर सही केली. सोन्याची मला माहिती न्हाई, असा जबाब.

मग परभणीला भगवानराव वकिलाकडं गेले. ते म्हणाले, “पोरी, पोलिसापुढचं कबूल केलेलं कोर्टात टिकत न्हाई, पण कस्टमच्या साहेबापुढं सही केलेला जबाब टिकतो. खोटा दिला तर तोच गुन्हा. अन् सोनं जिच्यापाशी सापडंल, तिनंच ते चोरून आणलेलं न्हाई हे दाखवून द्यायचं.” आपली आई काय दाखवणार? तिला सही बी येत न्हाई.

परवा तिच्या नावानं समन्स आलं. सोमवारी सकाळी अकराला संभाजीनगरच्या कस्टम कचेरीत हजर. तवापासून पाठ करायलीय, “सोनं माझं. लेकाला ठाऊक न्हाई.” भाकर थापताना तेच, शेळ्यांना पाला टाकताना तेच. म्हणती, म्हातारीला काय करतील?

तुरीचं सांगितलं का तुला? सांगितलं की. येडी झालेय मी.

आता सांगतेच. काल आई शेळ्या घेऊन गेली तवा ते फडकं मी सोडलं. गाठ सुटंना, दातानं सोडली. बिस्किटं काढली, फडक्यात दोन खडे बांधून परत बोकडाच्या गळ्यात घातलं. तिला अजून ठाऊक न्हाई. मिळंल त्या गाडीनं एकटीच संभाजीनगरला गेले, साहेबाच्या टेबलावर बिस्किटं ठेवली न् सोनं तुझं, पहिला जबाब खोटा म्हणून सांगितलं. त्यांनी पाणी दिलं. मग विचारलं, भाऊ कुठं हाय? मी उठायला पिशवी उचलली. त्यांनी आईच्या समन्सची नक्कल पुढ्यात ठेवली.

मी सांगितलं. भागवतमामाचं घर, मागली खोली, सगळं.

ते तिथं येतील. आज न्हाई तर उद्या. पत्र तुझ्या होणाऱ्या बायकोच्या, राजेश्रीच्या हाती एसटीनं पाठवायलेय, तिनं वाचलेलं न्हाई. पळायचं असंल तर वेळ हाय, मी आडवी येणार न्हाई. पण तू पळालास तर आई सोमवारी पाठ केलेलं बोलंल न् खाली अंगठा उठवंल. मी सांगितलेलं खोटं पाडायला ती मागंपुढं बघायची न्हाई. तुझ्यासाठी तिनं देवाच्या फडक्याला हात लावला, अंगदा.

तू आपल्या पायानं तिच्याआधी तिथं जाऊन उभा राहा. मी कचेरीच्या दारात थांबते. मला लय भेव वाटायलंय रे.

तुझा पत्ता सांगणारी,
तुझीच अक्का
सविता