नंबरप्लेटीवर आलेलं स्थळ

आदरणीय लिआनशेंगदादा,

बीजिंगहून तुमच्या मामेभावाचा, योंगचीचा, वाकून नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? वहिनींनी लोणच्याची बरणी एकटीने उचलणं सोडलं का? इकडे सगळे ठीक. म्हणजे शूछिनताई ठीक आहे, आणि म्हणूनच मी अस्वस्थ आहे.

ताईला स्थळ आलं आहे. फान गुओलिआंग, वय एकसष्ट, विधुर, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त. भावोजी जाऊन सहा वर्षं झाली. ताईने पुन्हा संसार मांडावा असं मलाही वाटतं (दोनदा बोलूनही दाखवलं, ती घरात नसताना). पण बागेत सकाळी चाळीस बायका नाचत असताना या माणसाची नजर नेमकी आमच्याच ताईवर का पडावी? कारण त्या चाळीसजणींत गाडी फक्त ताईच्या नावावर आहे.

गाडी म्हणजे तीच, तुमच्या वुहूच्या कारखान्यातली, दोन हजार चार साली तुम्हीच ओळखीने लवकर मिळवून दिलेली. गल्ली किती हसली होती! गोल डोळे, चिमुकलं बूड, शेजारचे निउकाका म्हणाले, "हिला चावी द्यायची की पाळण्यात घालायची?" वर्षभरात त्यांच्याच सुनेने पिवळी आणली. गल्लीभराची पहिली नोकरी, पहिलं प्रेम, पहिलं मूल, सगळं त्याच डबीत बसून गेलं. पुढे लोकांच्या खिशाला आणि पोटाला बाळसं आलं, मोठ्या गाड्या आल्या; कारखान्याने हिचे नवे अवतार काढले, विजेवरचासुद्धा काढला, पण आमच्या जुनीला कुणी विचारेना. मग दोन हजार दहाच्या डिसेंबरात इथे गाड्यांची गर्दी आवरायला सरकारने नंबरप्लेटींची सोडत सुरू केली, आणि डबी होती तशीच राहून तिचा पत्रा सोन्याचा झाला. आता प्लेट हवी तर नशीब लागतं, नाहीतर लग्न, कारण नवरा-बायकोत ती एकमेकांच्या नावावर करता येते. (आमच्या इमारतीत गेल्या साली तीन लग्नं झाली. मिठाई एकाच घरून आली.)

फानमास्तरांची माहिती मी काढली. त्यांच्याकडेही हीच गाडी होती, लाल. दहाच्या सप्टेंबरात विकली, नव्या वर्षी मोठी घेऊ म्हणून! तेव्हापासून माणूस सोडतीचे अर्ज भरतो आहे. पहिल्याच भेटीत तो ताईला सोडून गाडीपाशी उकिडवा बसला आणि रुमालाने प्लेट पुसू लागला. अशाच्या प्रेमावर तुम्ही भरवसा ठेवाल?

म्हणून मी परीक्षा घेतली. रविवारी उकडीच्या करंज्या करायला त्याला बोलावलं, आणि हात पिठाने भरलेले असताना (म्हणजे तोंड लपवायची सोय नसताना) सहज म्हणालो, "गाडी काल भंगारात दिली. प्लेटही गेली."

मास्तरांनी करंजीची कड दुमडली. "अरेरे. मग शूछिनबाई, माझ्या सायकलवर मागे बसाल का? कॅरिअरला उशी बांधतो."

"दोन बांधा," ताई म्हणाली, "मी काही आता पूर्वीची राहिले नाही." आणि हसली. दादा, सहा वर्षांत प्रथमच, नाकाला पीठ लागेपर्यंत हसली. मग माझ्याकडे वळून, "योंगची, भंगारवाला किल्ली न्यायला विसरला वाटतं. तुझ्या खिशात वाजतेय."

इतका निर्लोभी माणूस मला तर जास्तच संशयास्पद वाटतो. तुम्ही घरातले थोरले. ताईला वर्षभर थांबायला सांगा, एवढीच विनंती.

तुमचा,
तान योंगची

ता. क. पत्र पेटीत टाकायच्या आत लग्नाची तारीख ठरली. प्लेट कधीही आपल्या नावावर करून घेणार नाही, असं मास्तरांनी आपणहून लिहून दिलं. संशयाला आता जागा उरली नाही, हे फार वाईट झालं.

ता. क. २. ताई गाडी शिकणार आहे म्हणे, मास्तरच शिकवणार. गाडी तिचीच, मान्य. पण भावोजी गेल्यापासून (तिला त्रास नको म्हणून) ती मीच चालवतो. सोडतीत माझाही अर्ज नऊ वर्षं पडून आहे, आणि बहिणीची प्लेट भावाच्या नावावर होत नाही, हे मी तीन खिडक्यांवर विचारून आलो. तुम्ही वीस वर्षं त्या गाडीची दारं बसवलीत, तुमच्या शब्दाला वजन आहे. तेव्हा ही गाडी पन्नाशीनंतर शिकणं जिवाला धोक्याचं, असं ताईला खरमरीत पत्र लिहा. मी चालवली तर धोका नाही, हेही स्पष्ट असू द्या. माझं वय लिहू नका.