डेलबर्टला वगळून

मी, मर्टल कूक, वय एकोणऐंशी, काम शेती व टोपल्या विणणे, राहणार सुपाई, हे दरीच्या तळाशी वसलेले आमच्या जमातीचे गाव, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही धाकाविना हे लिहून ठेवते. डोळे अधू झालेत, डोके नाही. धाकटा भाऊ डेलबर्ट याला उलटे वाटते. त्याला पुष्कळ काही वाटत असते.

१. मी गेल्यावर माझे घर, अंथरूण, कपडे व अर्धवट विणलेली टोपली आमच्या रीतीप्रमाणे जाळावी. ‘आठवण’ म्हणून कुणी काही उचलू नये. आईच्या वेळी जाळायला काढलेल्या तिच्या चार टोपल्या डेलबर्टने दरीवरच्या पठारावर नेऊन फिरायला आलेल्या एका पाहुण्याला विकल्या आणि नवे खोगीर आणले. विचारले तर म्हणाला, “अगं ताई, जाळून राखच मिळाली असती ना?” त्या खोगिरावर तो आजही ताठ बसतो. लाज नसली की माणसाची पाठ दुखत नाही.

२. ओढ्याकाठचे शेत. जमीन जमातीची, कसण्याचा हक्क माझा. त्यात मका, भोपळे आणि पीचची सात झाडे. डेलबर्टचे म्हणणे, शेत पुरुषाकडे जावे.

मोठा पूर आला त्या दुपारी हा पुरुष शेतातच होता, आंधळ्या आईच्या शेजारी. लाल पाणी दरीत घुसताच त्याने सहा घोडे सोडले आणि कड्याच्या पायऱ्यांवर नेले. मी घरून धावले, आईला पाठीवर घेतले आणि कमरेएवढ्या पाण्यातून वर चढले. तो घोड्यांना थोपटत उभा.

“घोडे बुजले असते गं,” म्हणाला.

आई माझ्या पाठीवरून म्हणाली, “मी बुजत नाही, म्हणून ठेवलंस होय रे?”

पुढे ती तीन हिवाळे जगली. त्याच्याशी बोलली नाही.

शेत वाळूखाली गेले. ती वाळू दोन वर्षे मी आणि डेलबर्टची मुलगी रोवेना, अशा दोघींनी उपसली. डेलबर्ट बांधावरून घोड्याने जाई आणि म्हणे, “सावकाश गं बायांनो!” तेवढीच त्याची मेहनत.

शेताचा हक्क रोवेनाला. बापाला तिने पीच खुशाल द्यावेत, झाड देऊ नये.

३. आत निखारे टाकून मका भाजायची, मातीने लिंपलेली टोपली माझ्या सामानाबरोबर जळू नये म्हणून आजच रोवेनाच्या हाती दिली. रडायला लागली. “आत्या, असं काय बोलतेस!” मी म्हटले, “रडायचंय तर रड, पण निखारे हलवत राहा.”

४. ज्याला मृत्युपत्रातून काहीच मिळत नाही तो साक्षीदार चांगला, असे जमातीच्या कचेरीतल्या बाई म्हणाल्या. त्या हिशेबाने डेलबर्टइतका चांगला साक्षीदार गावात दुसरा नाही. त्याला बोलावून वरचे सगळे वाचून दाखवले.

“ताई, यावर मी सही करू?”

“जिथं खोटं आहे तिथं बोट ठेव. तेवढं खोडते.”

त्याने कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. बोट कुठेच ठेवले नाही.

सही : मर्टल कूक
साक्षीदार : १. एडना पार्कर, कचेरी
२. डेलबर्ट कूक
सुपाई, ३ ऑक्टोबर १९८३