पाटावर घेतलेला शब्द

नांदे, ता. मुळशी
३ नोव्हेंबर २०२५

चि. नरहरीस,

ताईचे आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत. तू, मेधा आणि मुलं तिकडे बावधनला बरी असाल. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

तू आणलेली साडी छान आहे. इकडे सगळ्यांची भातं कापायला आली आहेत. आम्हाला यंदाही कापायचं काही नाही. आमच्या खाचरांवर तुमच्या रेल्वे कंपनीची कारशेड उभी आहे. त्या जमिनीच्या बदल्यात तुझ्या दाजींना रुळांच्या देखभालीची नोकरी मिळाली, हे तुला नव्यानं सांगायला नको.

ती नोकरीही तू भाऊबीजेला काढून घेतलीस.

मी ओवाळलं, ताट वाढलं, आणि पहिला घास घ्यायच्या आधी तू म्हणालास, "दाजी, कंपनीत फेररचना चाललीय. तुम्ही स्वेच्छानिवृत्ती घ्या. शब्द द्या, मगच जेवतो." अरे, सणाच्या दिवशी पाटावर बसलेल्या मेव्हण्याला कोण नाही म्हणेल? दुसऱ्या दिवशी ह्यांनी तुझ्या ऑफिसात जाऊन सही केली. ह्याला स्वेच्छा म्हणतोस? गावातल्या आणखी किती घरांत असा जेवायला बसणार आहेस? मला शेजारणींना तोंड दाखवायची लाज वाटते.

मी ह्यांच्याशी भांडले. अर्ज शुक्रवारपर्यंत मागं घेता येतो, तर घ्या म्हटलं. ह्यांचं एकच, "शब्द दिलाय. आता माघार न्हाई."

पुढचं लिहायचं नव्हतं, पण लिहिते. परवा मेधाचा फोन आला, रडत होती. कमी करायच्या लोकांत तुझंही नाव होतं म्हणे, आणि आमच्या भागातून पुरेशा सह्या आणल्यास तर तुझी खुर्ची राहणार होती. मी तावातावानं ह्यांना सांगायला गेले. हे शांतपणे म्हणाले, "मला ठावं हाय. त्याचं तोंड बघूनच कळलं व्हतं. त्यो घरी बसला तर तुजं म्हायेर बसंल. माजं काय, मी भात लावीन."

कुठं लावणार रे? तूच सांग.

असल्या माणसाला तू पेचात पकडलंस. त्यांनी तुझा डाव ओळखला, तरी तुला आग्रह करकरून जेवू घातलं. तुझी भीती मला कळत नाही असं नाही. पण ती ताईला सांगायची होतीस. आम्ही अर्धी भाकरी तुझ्या ताटात घातली असती.

हे दिलेला शब्द मोडणार नाहीत. तू घेतलास, तूच परत दे. शुक्रवारच्या आत ये, ह्यांच्यासमोर बस आणि सांग, "दाजी, तुम्ही मोकळे."

नाही आलास, तर पुढच्या भाऊबीजेला मी अंगणात जाऊन चंद्राला ओवाळीन. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं.

शुक्रवारपर्यंत तुझीच,
साधनाताई