माझी वाढ मोजणाऱ्या दाजींस

आंबिवली,
६ फेब्रुवारी १९९४

आदरणीय देवरामदाजी यांस भगवानचा सप्रेम जय भीम. इकडे सगळे बरे आहेत. तुमचा गुडघा आणि ताईचा खोकला कसा आहे ते कळवावं (तिला म्हणावं, खोकल्याचं औषध प्यायचं असतं, कपाटात जपून ठेवायचं नसतं).

पत्रास कारण, परवा चुलतभाऊ जगनच्या लग्नात तुम्ही चारचौघांत म्हणालात, "भगवान आठ वर्षं चाळ कमिटीचा अध्यक्ष आहे, पण होता तिथंच आहे." तोंडात जिलेबी होती म्हणून गप्प बसलो. आता नाही बसणार. मोजायचंच असेल तर नीट मोजा.

शहाऐंशी साली चाळीला नळ मिळावा म्हणून मी कल्याणला पाण्याच्या ऑफिसवर मोर्चा नेलेला. निघालो तेव्हा चाळीस माणसं. पुढाऱ्याने मागे वळून बघू नये अशी माझी तेव्हा समजूत होती. ऑफिसच्या दारात वळलो तर मागे एकटा धोंडिबा, आणि तोही चष्म्याची काडी बसवायला आलेला. साहेबाने विचारलं, "मोर्चा कुठंय?" मी म्हटलं, "येतोय." पुढे नव्वद साली मी दर वळणावर मागे बघत गेलो, तर बत्तीस माणसं शेवटपर्यंत टिकली. ही वाढ नाही तर काय? (मी सव्वा तास बोललो आणि तेवढ्यात ऑफिस बंद झालं, हा मुद्दा वेगळा.)

आता ताजं घ्या. डिसेंबरात मी काविळीने अंथरुणावर. तीन नंबरच्या खोलीतली शांताबाई, जिने मीटिंगमध्ये कधी तोंड उघडलं नव्हतं, ती बायका आणि रिकामे हंडे घेऊन त्याच ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसली. भाषण नाही, घोषणा नाही, फक्त साहेबाला वर जायला वाट नाही. तिसऱ्या दिवशी मंजुरीचा कागद निघाला आणि महिन्याभरात नळ आला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून झोपलो. मग शांताबाई दारात आली. म्हणाली, "भाऊ, आठ वर्षं तुम्ही खेपा घातल्या. नळ तुम्हीच सोडा. फक्त बोलू नका." मी गेलो, नळ सोडला. सगळी चाळ माझ्या तोंडाकडे बघत होती, हंड्यात पाणी पडत होतं, आणि दाजी, मी एक शब्द बोललो नाही. सव्वा तासापासून इथवर आलोय. तुम्ही नोकरी करता त्या खोपटच्या एस.टी. डेपोत एवढा वाढलेला एखादा साहेब असेल तर नाव कळवा.

ताईस जय भीम, पोरांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
भगवान

ता. क. : कमिटीची निवडणूक पुढच्या रविवारी आहे आणि समोर शांताबाई उभी आहे. मी माघार घेणार नाही. फक्त माझ्या अर्जावर सूचक म्हणून सही करायला कुणी मिळेना. सूचक चाळीत राहणाराच लागतो, तेव्हा ताईला घेऊन आठवडाभर बिऱ्हाडाला यावं.

आणखी एक : शांताबाईच्या अर्जावर पहिली सही माझी आहे आणि मतही मी तिलाच देणार. पण माझा अर्ज राहणार म्हणजे राहणार. बिनविरोध निवडून आलं की माणूस बिघडतो. आठ वर्षं माझ्यासमोर कुणी उभंच राहिलं नव्हतं.