मंगळवारी तापणारं इंजीन

॥ श्री ॥
नवी वाडी, ता. राहुरी, जि. नगर
१४ नोव्हेंबर १९७३

ती. स्व. गोरखमामांस,
सहादेवचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही भाऊच्या धक्क्यावरून जुनं पण जातिवंत म्हणून निवडून दिलेलं समुद्री इंजीन आमच्या लाँचला बसलं, त्याला आता दोन-अडीच महिने झाले. यंदा धरण भरलं, जुनी वाडी पाण्याखाली गेली, आणि या लाँचमुळेच पलीकडचा बाजार आम्हाला पुन्हा जवळ आला. सगळे तुमचं नाव काढतात. मंगळवार सोडून.

कारण मंगळवारी ते तापतं. एरवी गरीब गाईसारखं चालतं, पण बाजाराच्या फेरीला जुनी वाडी ओलांडली की उष्णतेचा काटा चढायला लागतो. इंजीन थंड करून लाँचच्या कुशीतून बाहेर पडणारं पाणी करंगळीएवढं होतं नि वाफ येते. बंद करून उघडावं तर सगळं स्वच्छ. पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी पंखा नवा घातला, पट्टा ताणला. आतली जाळी दर वेळी काढून बघतो, तर तांदळाचे चार दाणे सापडतात. काठावर कुणी तांदूळ धुतले असतील. तोवर इंजीन निवतं आणि जसं काही झालंच नाही असं चालू होतं. गर्दीचं ओझं झेपत नसेल म्हणून काल माणसं निम्मीच घेतली. तरी तापलं. मधोमध उभे राहिलो तेव्हा लंकाबाईच्या टोपलीतल्या कोंबड्यासुद्धा माझ्याकडे रागानं बघत होत्या.

हसण्यावारी नेतोय, पण प्रकरण वाईट आहे. लाँच सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब सत्तावीस तारखेला बाजाराहून येताना स्वतः बसणार आहेत. त्या दिवशी बंद पडली तर लाँच विकायची, असं त्यांनी चारचौघांत सांगितलंय. मग मला ऊसतोडीचा कोयताच. मुकादम सूर्यभान टोळीत नाव घालू का, म्हणून विचारूनही गेला. जमीन पाण्याखाली गेली, आता हे इंजीनच आमचं शेत. मामा, मला भीती वाटते. काय बघायचं राहिलं ते लवकर कळवा.

तुमची माया कायम चालू राहावी, मंगळवारीसुद्धा.

तुमचा भाचा,
सहादेव

॥ श्री खडकाई प्रसन्न ॥
नवी वाडी
१६ नोव्हेंबर १९७३

चि. गोरखला आक्काचे अनेक आशीर्वाद.

चौथीतली अक्षरं आहेत, हसू नको. सहादेवचं पत्र तुला गेलंच असेल. हे मी त्याला न सांगता लिहिते. पोरगं धड जेवत नाही. विचारलं तर म्हणतं, समदं ठीक हाय. आईपासून तोंड लपवता येतं व्हय?

तुला ठाऊक आहे, आपली खडकाई वर नव्या देवळात आणली, पण तिचं ठाणं खालीच राहिलं. गावाबरोबर देवीलाही उठवलं, ती रुसणारच. म्हणून लाँच सुरू झाली तेव्हा पहिल्याच मंगळवारी ठाण्यावरून जाताना मी पुढच्या अंगानं एक खण नि तांदूळ पाण्यात सोडले, पोराच्या कामाला यश दे म्हणून. तर त्याच दिवशी इंजीन तापलं! म्हटलं, एकानं भागलं नाही. पुढल्या बाजारी दोन सोडले. मग चांगुणा, लंकाबाई, सगळ्याच ओटी सोडायला लागल्या. इंजीन जास्तच तापायला लागलं. सुकाणूवरचा पुंजाराम भला माणूस. ठाण्याजवळच्या जुन्या वडाचा बोडका शेंडा पाण्यावर दिसला की खाली घंटा देऊन लाँच हळू करायला लावतो नि मला खूण करतो. सहादेव मागं इंजिनापाशी बसलेला, त्याला काही दिसत नाही.

माझंच कुठंतरी कमी पडतंय. म्हणून सत्तावीसला येताना, आप्पासाहेब बसलेले असतील तेव्हाच, आख्खं नऊवारी लुगडं सोडीन असं बोलले आहे. सहादेवला कळू देऊ नको. तो इंजीनवाला झाला, मला हसेल.

पोराबाळांच्या गालावरून माझा हात फिरव. बहिणीची आठवण पत्र आल्यावरच काढू नये.

तुझी आक्का,
रंगुबाई

॥ श्री ॥
भाऊचा धक्का, मुंबई
२० नोव्हेंबर १९७३

चि. सहादेव यास अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी इंजीन उघडणं बंद कर. अरे, चोर पळून गेल्यावर घर झाडतोस तू! इंजीन बंद केलंस की पाणी ओढणं थांबतं, आणि बाहेरून तोंडाला जे चिकटलेलं असतं ते सुटून वाहून जातं. मग तुला आत काय सापडणार? आमच्या खाडीत गोणपाट चिकटतं, फाटकी जाळी चिकटतात. तुमच्या धरणात काय चिकटतं ते तूच बघ.

आता नीट वाच. जाताना काटा चढला की इंजीन बंद करू नकोस. गिअर मोकळा कर, म्हणजे लाँच ढकलणारा पंखा थांबेल. इंजीन अगदी हळू ठेव आणि शेळ्यांना पाला ओढायची आकडी कुशीला हातभर पाण्याखाली, पाणी आत जातं त्या तोंडाच्या बाहेरच्या जाळीवरून फिरव. जे हाती येईल ते खिशात घाल. कुणाला दाखवू नकोस, हसू नकोस, आणि घरी तर विचारूच नकोस. परतीला मात्र वडाच्या शेंड्यापाशी इंजीन पुरतं बंद करून वर ये. पुढच्या अंगाला काय चाललंय ते बघ. ते आटोपलं की वल्ह्यांनी लाँच चांगली लांब ने, मगच चालू कर.

हे मला मुंबईत बसून कसं कळलं, ते विचारायचं नाही. मामा आहे, एवढं पुरे.

आशीर्वाद भरपूर आहेत, काटकसर न करता वापरावे.

तुझा मामा,
गोरक्षनाथ

॥ श्री ॥
नवी वाडी
२८ नोव्हेंबर १९७३

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

लाँच राहिली! आधी तेवढं वाचा, मग बाकीचं.

काल जाताना काटा चढला. बंद करायला हात शिवशिवत होते, पण तुमचं ऐकलं. आकडी फिरवली तर हिरवा खण आला, पाठोपाठ लाल, मग आणखी एक. हिरव्याच्या टोकाला हळकुंडाची गाठ होती. तशी गाठ आमच्या घरात एकच माणूस बांधतं. कुशीतलं पाणी धो धो सुटलं. मामा, मी हसलो नाही. हसू आलंच नाही.

परतीला आप्पासाहेब ऐटीत बसले होते. वडापाशी इंजीन बंद केलं, तसं त्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं की झाली का सुरुवात. मी ठोकून दिलं की इथं इंजिनाला विसावा देतात, ही मुंबईची रीत आहे. वर आलो तर आई पाण्यात लुगडं सोडत होती. यंदाच्या भाऊबीजेला तुम्ही धाडलेलं, एकदाही न नेसलेलं. डोळे मिटून पुटपुटत होती की, आई, माझ्या पोराचा कोयता चुकव. लुगडं पार खाली जाईपर्यंत मी तिच्याशेजारी उभा राहिलो. मग वल्ही मारली, लांब जाऊन इंजीन चालू केलं. काटा जागचा हलला नाही. उतरताना आप्पासाहेब म्हणाले की लाँच राहू द्या, आणि तो विसावाही राहू द्या, बरा वाटतो.

आईला मी काही बोललो नाही. तिला कळलं तर आपल्या हातून असं झालं म्हणून झुरत बसेल. त्यापेक्षा दर मंगळवारी वडापाशी इंजीन बंद. तुम्हीही तिला सांगू नका.

तुमच्या शहाणपणाचा असाच भाच्याला उपयोग होत राहो.

सहादेव

॥ श्री खडकाई प्रसन्न ॥
नवी वाडी
६ डिसेंबर १९७३

चि. गोरखला आक्काचे पोटभर आशीर्वाद.

इंजीन आता तापत नाही. सूर्यभान मुकादमाला चहा पाजून वाटेला लावलं. सहादेव दोन भाकरी जास्त खातो. तुझं लुगडं मात्र देवीकडे गेलं. पुढल्या भाऊबीजेला दुसरं धाड, ते पहिल्या दिवशीच नेसेन.

सहादेवचा सदरा धुवायला घेतला, तर खिशात तीन खण. हिरव्याची गाठ माझीच. आधी वाटलं, देवीनं प्रसाद म्हणून परत दिले. मग बघितलं, खणाला मधोमध जाळीचे चौकोन उमटलेले. मी अडाणी असेन, पण इतकी खुळी नाही. मोरीतच बसून राहिले. माझ्याच हातानं मी पोराच्या इंजिनाचा गळा दाबत होते रे! फार वाईट वाटलं. मग त्यानं ते खिशात लपवले, हे आठवून रडू आलं नि हसूही आलं.

आता ओटी वरच्या देवळातच भरते. चांगुणालाही सांगितलं, लंकाबाईलाही. जीव लावतोस तसाच लावत राहा, दुसरं काय मागू?

तुझी आक्का,
रंगुबाई

ता. क. सहादेवला यातलं काही सांगू नको. लाँच वडापाशी आली की मी अजून पाण्यावर झाकली मूठ धरते. आत काही नसतं. पण मी मूठ धरली नाही तर तो इंजीन बंद करायचा नाही. ते बंद झालं की सगळं शांत होतं, नि पोरगं खालून वर येऊन माझ्याशेजारी उभं राहतं.