फुली मारलेले व्यायाम

चि. ठोंब्यास थोरल्या बहिणीचा बसल्या जागेवरून आशीर्वाद. (चौऱ्याहत्तर वर्षांच्या टकल्याला चिरंजीव म्हणायला जीभ अडखळते, पण माझ्या आधी जायचं नाहीस, एवढं पक्कं करून ठेवावं म्हणून म्हणते.) तुझे गुडघे कसे आहेत, कान कसे आहेत, हे विचारायची रीत म्हणून विचारलं, उत्तर तुझ्या लेकीनं आधीच कळवलंय. आमच्याकडे सगळं ठीक. म्हणजे ज्यांना चालता येतं ते कामाला गेलेत आणि ज्यांना येत नाही ती मी पत्र सांगत बसले आहे. लिहून घेते आहे नात. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मोबाइलवर तोंड बघायचं तर तू तो असा धरतोस की मागच्या खेपेला मी वीस मिनिटं तुझ्या नाकपुडीशी बोलले. म्हणून कागद.

लेक म्हणते, तू खुर्चीतून उठत नाहीस. जेवण खुर्चीत, झोप खुर्चीत, आणि उठ म्हटलं की भिंतीकडे तोंड. तुझी बायको गेल्याला अकरा महिने झाले. तिच्या शेवटच्या दर्शनाला मी आले नाही, कारण मला तीन मजले उतरता आले नाहीत. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांना ताप आला होता म्हणून सांगितलं. महिन्याभरानं तूच आलास, खाली फाटकाशी उभा राहिलास, तुला चढवेना. मी गॅलरीत, मला उतरवेना. मी वरून ओरडले ते तुला ऐकू आलं नाही, तू खालून बोललास ते भंगारवाल्याच्या आरोळीत गेलं. मग दोघांनी हात हलवले आणि तू परत गेलास. असे हात गाडी सुटताना हलवतात रे, बहीणभावांनी नाही. घरी जाऊन खुर्चीत बसलास तो बसलासच. आपली खरी भेट आता होते की नाही, याचीच मला धास्ती आहे. बाकीचं पत्र नुसता पाल्हाळ आहे, पण तो तुला ऐकावा लागेल.

खुर्ची काय चीज आहे ते मला विचार. तुझे भावोजी नोकरी संपली त्या दिवशी खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. तीस वर्षं उभ्यानं तिकिटं फाडली, आता बसू दे म्हणाले. मी म्हटलं, बसा. पहिल्या वर्षी पाय सुजले, दुसऱ्या वर्षी उठताना हात द्यावा लागला, तिसऱ्या वर्षी दोघांनी हात द्यावा लागला. रोज म्हणायचे, उद्यापासून कोपऱ्यापर्यंत चालायला जातो. तो कोपरा अजून तिथेच आहे. शेवटचे आठ महिने पलंगावर काढले, आणि माणूस इतका आखडला होता की गेल्यावर सरळ निजवायला चौघे लागले. एखाद्याचा काटा काढायचा असेल तर विष कशाला, मऊ खुर्ची द्यावी आणि प्रेमानं म्हणावं, तुम्ही उठू नका हं, मी आणते. माझा मुलगा गुणी आहे, त्याला हे वाक्य तोंडपाठ आहे. ती खुर्ची त्यानं टाकून दिली नाही. आता तिच्यात मी असते.

आणि मी कोण होते? इस्पितळाच्या लाँड्रीत चौतीस वर्षं चादरींच्या घड्या घालणारी बाई! दोघींनी दोन टोकं धरायची, हात ताणून झटकायची, मागे सरायचं, पुढे यायचं, वाकायचं, उठायचं, दिवसाला तीनशे चादरी. त्याला व्यायाम म्हणतात हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, नाहीतर आम्ही कंटाळा केला असता. पण अंग सुरळीत चालत होतं. तुझ्या दुकानात बंद घड्याळ आलं की तू उघडण्याआधी ते जरा हलवून बघायचास. निम्मी तेवढ्यानंच चालू व्हायची. गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवणारा तू, स्वतःला मात्र हलवत नाहीस.

तर पाच आठवड्यांपूर्वी मला त्या खुर्चीतून उठताच येईना. मुलानं व्यायाम शिकवणारी मुलगी घरी बोलावली. वयानं कोवळी, बोटं मात्र पकडीसारखी. तिनं माझा हात वर केला तेव्हा खांद्यातून जुन्या कपाटाचा आवाज आला. मला वाचता येत नाही असं कळल्यावर तिनं चित्रांचा कागद दिला. बारा चित्रं, प्रत्येकात एक सडपातळ बाई. (ही बाई तासन्‌तास एका पायावर उभी राहूनही हसते, तिचं घरी कुणी ऐकून घेत नसणार.) सहा चित्रं साधी, सहांवर लाल फुली. मुलगी म्हणाली, “आजी, चित्रं बघून करायचं, समजलं ना?” मी म्हटलं, समजलं. आता चौतीस वर्षं ज्या बाईनं लाँड्रीत काढली तिला फुलीचा अर्थ काय शिकवायचा! चादरीला डाग राहिला की मुकादमीण कोपऱ्यात लाल दोऱ्यानं फुली घालायची. फुली म्हणजे पुन्हा. नीट झालं नाही, परत करा. तेव्हा मी साधी चित्रं एकदा करायची आणि फुलीची दोनदा, सकाळ-संध्याकाळ. गुडघे न वाकवता कंबरेतून वाकून जमिनीवरचं उचलायचं, मान गरकन मागे फिरवायची, दम कोंडून हिसका द्यायचा. अवघड होतं, पण मला वाटलं, अवघड आहे म्हणूनच दोनदा सांगितलंय.

एकोणिसाव्या दिवशी वाकले ती वाकलेलीच राहिले. घरात नात तेवढी होती, दार लावून संगणकासमोर ऑफिसच्या मीटिंगला बसलेली. (हिचंही तेच, सव्विसाव्या वर्षी मानेला पट्टा. लिही, लिही, गाळू नकोस.) मी काटकोनात चालत तिच्या खोलीत गेले. तोंड जमिनीकडे, त्यामुळे पडद्यावर काय चाललंय ते मला दिसायचं कारण नाही. पण तिच्या मागून एक पांढरा अंबाडा आडवा सरकत गेला तो दहा लोकांनी पाहिला म्हणे, आणि तिच्या साहेबांनी विचारलं की मागे काय हरवलंय. काय हरवलंय ते मला विचारायचं होतं. अर्धा तास त्या अवस्थेत मी पलंगाखालची सगळी दुनिया पाहिली. एक चमचा, दोन बटणं आणि तुझ्या भावोजींची एक चप्पल. दुसरी चप्पल आम्ही त्यांच्याबरोबर दिली होती.

ती मुलगी धावत आली. “आजी, असं कसं झालं?” मी म्हटलं, तुझ्या फुल्यांनी. तिनं कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि जमिनीवर फतकल मारून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग डोळे पुसून म्हणाली, “चूक माझी आहे. फुली म्हणजे करायचं नाही, हे मी सांगायला हवं होतं.” अशी माणसं आता कुठे मिळतात? जाताना मात्र दाराशी मुलाला हळूच म्हणाली की तीन महिन्यांत जिना उतरायला लागल्या तर लागल्या, नाहीतर मग नाही. मी वाकले होते, बहिरी झाले नव्हते. तीनातले दोन आठवडे असे गेले.

आता मात्र मी सुधारले आहे. साधी सहा चित्रं रोज करते, रोज खाली फाटकापर्यंत जाऊन येते, काल तर कोपऱ्यापर्यंत गेले. तूही कर. खुर्चीचा हात न धरता उठायचं आणि बसायचं, पाच वेळा. उभ्यानं भिंतीला तळवे टेकून टाचा जमिनीवर दाबायच्या. हात वर ताणायचे, छत आपलंच आहे. बायकोची आठवण आली तर येऊ दे, उभा राहून काढ. लेकीला छळू नकोस. आशीर्वाद आहेतच.

तुझी थोरली

ता.क. तुझा तो घड्याळाच्या दुकानातला जुना चिमटा पाठव. चष्म्याची काडी निघाली आहे. पोस्टानं नको, हरवतो.

ता.क. मामाआजोबा, हे मी लिहितेय, आजी सांगत नाहीये. फाटक, कोपरा, सगळं खोटं आहे. पाठ धरल्यापासून ती अकरा पायऱ्यांपुढे उतरलेली नाही, आणि परत वर आणताना मला तिला मागून ढकलावं लागतं. चिमटा नकोय तिला. चष्मा धड आहे.

ता.क. मी बोलायची थांबले तरी हिचं पेन चालूच आहे. अक्षर कळत नसलं तरी लाल झालेले कान कळतात. हिनं चुगली केली आहे. जे लिहिलं असेल ते खरं आहे, खोडू नये. आता माझं खरं ऐक. जिन्याच्या पायऱ्या चोपन्न. मला अकरा येतात, दोन महिन्यांत सत्तावीस करीन. सत्तावीस तू चढ. मध्यावर, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे, खिडकीची मोकळी जागा आहे, दोन माणसं मावतात. पुढच्या महिन्याचा नव्हे, त्याच्याही पुढच्या महिन्याचा पहिला रविवार, सकाळी दहा वाजता मी तिथे उभी असेन. मुलाला सांगून ठेवलंय, कुणी हात द्यायचा नाही, मागून ढकलायचं नाही. तेव्हा ये. तू आला नाहीस तर मला एकटीला परत वर चढवणार नाही, आणि खाली उतरूनही जायला दुसरं घर नाही.